घरी सांगून आलायस का?

सायकलवाला दिसला की स्टिअरिंगमागच्या भल्या माणसाला होतं तरी काय? रस्ता रिकामा असतो, घाईही नसते, तरी ‘कट’ का मारला जातो?

पुण्याच्या रस्त्यावर सायकलवाल्यांसाठी काही डायलॉग राखून ठेवलेले आहेत. ‘ए हिरो, बाजूला!’ ‘रस्ता काय बापाचा आहे?’ ‘मरायचंय का?’ आणि सगळ्यांत लाडका, ‘घरी सांगून आलायस का?’ हा शेवटचा तर मराठी विनोदबुद्धीचा कळस! धमकी मरणाची, पण सूर घरच्यांच्या काळजीचा. गेली चार वर्षं मी कोथरूड ते शिवाजीनगर सायकलने जाते-येते. माझ्या वाट्याला त्याचं ‘आलीयेस का’ हे स्त्रीलिंगी रूप येतं, एवढाच काय तो फरक.

गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य एखाद्या धिप्पाड एसयूव्हीला ऐकवलं जात नाही. फर्ग्युसन रस्त्यावर भर लेनमध्ये गाडी उभी करून साहेब पार्सल आणायला गेलेले असतात. मागचे चाळीस लोक हॉर्न वाजवतात, मग गुपचूप बाजूने निघून जातात. काचेवर टकटक करून ‘घरी सांगून आलात का?’ असं कोणी विचारत नाही. रस्ता अडवण्याचा गुन्हा एकच, पण एकाला शिवी आणि दुसऱ्याला वळसा. का बरं?

‘कट मारणे’ हा आपल्याकडचा फार नेमका शब्द आहे. कट म्हणजे ओव्हरटेक नव्हे. ओव्हरटेकमध्ये पुढे जायचं असतं, कटमध्ये काहीतरी सांगायचं असतं. हँडलजवळून सुळ्ळकन जाणारा आरसा, पायाला लागणारा गरम वारा आणि पुढे जाऊन सिग्नलला थांबलेली तीच गाडी! म्हणजे वाचलं काहीच नाही, पण ‘तुझी जागा कडेला’ हा निरोप पोचला. मला बरीच वर्षं वाटायचं की हा पुणेरी खडूसपणा असेल. मग कळलं, या निरोपाची मोजमापं चक्क सेंटिमीटरमध्ये घेतली गेली आहेत.

विग घातला आणि रस्ता मिळाला

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात इयन वॉकर नावाचे ट्रॅफिक सायकॉलॉजिस्ट होते. २००६ मध्ये त्यांनी आपल्या सायकलला अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि कॅमेरा बसवला आणि सॅल्सबरी आणि ब्रिस्टल या दोन शहरांत फिरायला सुरुवात केली. कधी हेल्मेट घालून, कधी न घालता. त्यांना ओव्हरटेक करून गेलेल्या २,३५५ गाड्यांची नोंद झाली. निष्कर्ष असा, की हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या. पठ्ठ्याने मग लांब केसांचा विग घातला, म्हणजे मागून बघणाऱ्याला बाई वाटावी. लगेच सरासरी १४ सेंटिमीटर जास्त जागा मिळाली! या प्रयोगाच्या काळात त्यांना दोनदा धडक बसली, एकदा बसची आणि एकदा ट्रकची. दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं.

वॉकर यांचं म्हणणं असं, की ड्रायव्हर मागून येताना क्षणार्धात अंदाज बांधतो. हेल्मेटवाला म्हणजे सराईत, हा डगमगणार नाही, याला खेटून गेलं तरी चालेल. बाई म्हणजे कच्ची, कधी वाकडी होईल नेम नाही, जरा लांबून जाऊ. दोन्ही अंदाज निव्वळ पूर्वग्रह, कारण सायकलवर माणूस तोच होता! यावर पुढे वादही झाला. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी हेच आकडे पुन्हा तपासून हेल्मेटचा परिणाम नगण्य असल्याचं सांगितलं. वॉकर यांनी २०१९ मध्ये त्याला उत्तर दिलं. तेव्हा हा लेख वाचून कोणी हेल्मेट कपाटात ठेवू नका प्लीज. मीही ठेवलेलं नाही. पण कपड्यांवरून माणूस जोखला जातो आणि त्या जोखण्यावर अंतर ठरतं, हा मुद्दा सुटत नाही.

कारण त्यांचा पुढचा प्रयोग आणखी धमाल आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सात वेगवेगळे पोशाख आणि ५,६९० ओव्हरटेक होते. रेसिंगचा ड्रेस, चकाकणारं जॅकेट, पाठीवर ‘नवशिका’ असं लिहिलेलं जॅकेट, सगळं झालं. ड्रायव्हर मंडळी ढिम्म. फरक पडला तो एकाच जॅकेटने, ज्यावर पोलीस आणि कॅमेरा असे शब्द होते. जागा मिळाली किती? सुमारे पाच सेंटिमीटर. आणि कहर म्हणजे, पोलीस या शब्दासारखंच दिसणारं ‘पोलाइट’ असं लिहिलेलं जॅकेट घातलं तेव्हा काहीच फायदा झाला नाही. म्हणजे इंग्लंडातसुद्धा नम्रपणाला रस्त्यावर किंमत नाही, बॉस!

यातली सगळ्यांत गंभीर गोष्ट मात्र वेगळी होती. शंभरातल्या एक-दोन गाड्या पन्नास सेंटिमीटरच्याही आतून जात होत्या आणि कुठल्याही पोशाखाने त्यांच्यात फरक पडत नव्हता. सायकलवाल्याने काय घालावं हा सल्ला आपण उठसूट देत असतो. या एक-दोन टक्क्यांना तो लागू पडत नाही.

झुरळ ते माणूस

इंग्लंडचा प्रयोग अंतर मोजतो. डोक्यात काय चाललंय ते मोजायचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. २०१९ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या ॲलेक्सा डेलबॉस्क आणि सहकाऱ्यांनी ४४२ लोकांना एक चित्र दाखवलं. माकडापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतचं ते प्रसिद्ध चित्र आठवतंय ना? तसंच. काही जणांना दुसरं चित्र दिलं, ज्यात एका टोकाला झुरळ आणि दुसऱ्या टोकाला माणूस होता. प्रश्न साधा होता, सायकलस्वार यात कुठे बसतो? स्वतः सायकल न चालवणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांनी त्याला पूर्ण माणसाच्या अलीकडेच कुठेतरी बसवला.

आकडा वाचून हसू येतं, पण पुढचे आकडे तितके गमतीचे नाहीत. मुद्दाम सायकलस्वाराची वाट अडवल्याचं १७ टक्के लोकांनी कबूल केलं. मुद्दाम जवळून गाडी नेल्याचं ११ टक्क्यांनी आणि आडवी घातल्याचं ९ टक्क्यांनी. आणि ज्यांनी सायकलवाल्याला चित्रात जितकं खाली बसवलं होतं, त्यांच्यात ही कबुली तितकी जास्त होती. डोक्यातली जागा आणि रस्त्यावरची जागा यांचं नातं इथे कागदावर आलं. तिथल्याच क्वीन्सलंडमधल्या २०२३ च्या अभ्यासात ५६३ लोकांना सायकलस्वारांचे फोटो दाखवले. हेल्मेट किंवा चकाकणारं सुरक्षा-जॅकेट घातलेला सायकलस्वार लोकांना ‘कमी माणूस’ वाटला. जॅकेटवाला तर सगळ्यांत कमी. चेहरा, केस झाकले गेले की माणूस उरत नाही, नुसता ‘सायकलवाला’ उरतो.

ब्रिटनमधल्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने २००२ मध्येच या गोष्टीचं वर्णन करून ठेवलं होतं. ड्रायव्हरच्या लेखी सायकलस्वार ही परकी जमात असते. कारवाल्याने सिग्नल तोडला तर ‘तो बिचारा घाईत असेल’, सायकलवाल्याने तोडला तर ‘हे लोक असेच!’ आपल्या माणसाची चूक परिस्थितीची, परक्याची चूक स्वभावाची. हा फंडा आपल्याला नवा नाही. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारणारे काका वेगळं काय करतात?

गेअरवाली आणि बास्केटवाली

पण थांबा. हे सगळं परदेशातलं. तिकडे पूर्वग्रह आहे तो घट्ट कपडे घालून फिरणाऱ्या हौशी सायकलवाल्यांवर. आपल्याकडे मामला दुहेरी आहे. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न होता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी काम करणाऱ्यांत सायकलने जाणारे देशभरात सुमारे २ कोटी ६० लाख निघाले. मोटार, जीप, व्हॅनने जाणारे होते सुमारे ५५ लाख. हे अडीच कोटी लोक म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे. हे वॉचमन, गवंडी, पेपरवाले, दूधवाले, कंपनीतले हेल्पर. त्यांना कोणी ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही. ते नुसतेच मध्ये येतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मागच्या हिवाळ्यात आठवडाभर गावी गेल्या आणि त्यांची जुनी लेडीज सायकल आमच्या पार्किंगमध्ये ठेवून गेल्या. पुढे गंजलेली बास्केट, मागे कॅरिअरला बांधलेली पिशवी. त्यांना विचारून मी आठवडाभर तीच चालवली, साधा पंजाबी ड्रेस आणि ओढणी कमरेला बांधून. सेन्सर वगैरे काही नव्हता, तेव्हा याला शास्त्रीय प्रयोग म्हणू नका. पण फरक पहिल्याच दिवशी जाणवला. माझ्या गेअरवाल्या सायकलवर असते तेव्हा सिग्नलला काच खाली होते. ‘केवढ्याला पडली?’, ‘कॅलरी किती जळतात?’ पोरं मुद्दाम रेस लावतात आणि कोणाला मी चालवते त्याचाच राग येतो, ‘हौसेसाठी जिमला जा ना मॅडम!’ म्हणजे तिथे मी दिसते आणि खुपते. मावशींच्या सायकलवर मी दिसतच नव्हते. नळ स्टॉपला डावीकडे वळणाऱ्या गाड्या माझ्यासमोरून अशा वळायच्या, की जणू तिथे नुसती हवा आहे. हॉर्न लांबूनच सुरू व्हायचा, अखंड, कुत्र्याला हाकलताना वाजवतात तसा. आणि त्यात राग नव्हता! राग यायला समोर कोणीतरी असावं लागतं.

वॉकर यांच्या विगला १४ सेंटिमीटर मिळाले होते. मी तर विगशिवायच बाई होते, पण बास्केटवाल्या सायकलवर तो फायदा काही दिसला नाही. बाईपणाच्या आधी बहुधा सायकलची किंमत वाचली जाते.

मावशी परत आल्यावर त्यांना विचारलं, तुम्ही कसं करता? त्या म्हणाल्या, “मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की मी उतरते ताई. कडंला उभी राहते. गेली की परत बसते.” किती वेळा उतरता? “आता ते कोण मोजतंय?” मी अर्ध्या तासात जे अंतर जाते त्याला त्यांना पाऊण तास का लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. पूर्वग्रहाचा परिणाम ड्रायव्हरच्या वागण्यावर होतो हे खरं, पण त्याचं बिल असं रोज, पंधरा मिनिटांच्या हप्त्यांनी, भलतंच कोणी भरत असतं.

आमच्या सोसायटीचे वॉचमन काका उतरत नाहीत. नाइट ड्यूटी संपवून वारज्याला जाताना एका सकाळी एका कारचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि ते पडले. गाडी थांबली. साहेब खाली उतरले आणि आधी आरसा बघितला. मग काकांना म्हणाले, “बघून चालवता येत नाही का?” धडक मागून बसली होती. काका महिनाभर डाव्या हाताने चहाचा कप धरू शकत नव्हते. त्यांना त्या माणसाचा राग आला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “वाईट नव्हता हो तो. थांबला तरी.”

‘पण ते टॅक्स कुठे भरतात?’

हिंजवडीत टीम लीड असलेला माझा एक मित्र आहे. एरवी अतिशय सज्जन, रक्तदान वगैरे करणारा. त्याच्याशी हा विषय काढला की दोन मुद्दे हमखास येतात. पहिला, हे लोक रोड टॅक्स भरत नाहीत. दुसरा, हे लोक नियम पाळत नाहीत.

टॅक्सचं म्हणाल तर एके काळी आपल्या शहरांत सायकललाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. आजोबांना विचारा, डबलसीट नेलं किंवा रात्री दिवा नसला की पोलीस पकडायचे. तेव्हाही सायकलवाल्याला कोणी मान दिल्याचं ऐकिवात नाही. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका करते आणि तिच्या तिजोरीत मालमत्ता कर असतो, जो घरभाड्यातून वॉचमन काकाही अप्रत्यक्षपणे भरतात. ब्रिटनमध्ये तर रस्त्यांसाठी राखून ठेवलेला रोड टॅक्स १९३७ मध्येच संपला, पण सायकलवाल्यावर ‘टॅक्स भर!’ असं खेकसणं चालूच राहिलं. म्हणजे मुद्दा टॅक्सचा नाहीच. आधी राग येतो, कारण नंतर शोधलं जातं.

नियमांचा मुद्दा जास्त खरा आहे. सायकलवाले उलट दिशेने येतात, सिग्नल तोडतात, रात्री लाइट लावत नाहीत. कबूल! डेन्मार्कच्या रस्ते विभागाने २०१९ मध्ये हेच मोजायला लावलं होतं. सायकल ट्रॅक होता तिथे नियम मोडणारे सायकलस्वार पाच टक्क्यांहून कमी निघाले आणि ट्रॅक नव्हता तिथे सुमारे १४ टक्के. रस्ता जसा तसा माणूस. कर्वे रस्त्यावर यू-टर्नसाठी अख्खा चौक ओलांडून लांब जावं लागत असेल, तर घाम गाळून पेडल मारणारा शॉर्टकट घेणारच. पेट्रोलवाल्यांना तो वळसा घ्यायला श्रम पडत नाहीत, तरी तेही उलटे येतातच की. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “हो, पण त्यांची गोष्ट वेगळी.” त्याच्या तोंडून ब्रिटिशांचा २००२ चा रिपोर्ट बोलत होता.

आणि हे फक्त ड्रायव्हरचं डोकं असतं तर निदान समुपदेशन तरी करता आलं असतं. तोच चष्मा सरकारी टेबलावरही असतो. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली. गर्दी गाड्यांची, बाहेर काढल्या सायकली! पुण्यात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि बघता बघता गेल्या. जे ट्रॅक झाले त्यांवर बाइक उभ्या राहतात, किंवा ते मध्येच झाडापाशी संपतात. असा ट्रॅक असण्यापेक्षा नसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण मग कारवाल्याला आणखी एक वाक्य मिळतं, ‘ट्रॅक दिलाय ना, मग इथे कशाला कडमडतेस?’

हॉलंडचं नाव अशा वेळी घ्यावंच लागतं. तिथली माणसं जात्याच शहाणी आहेत असं काही नाही. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ असं थेट नाव घेऊन चळवळ झाली. पुढे ट्रॅक झाले. आज तिथला कायदा असा आहे, की कार आणि सायकलची टक्कर झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात कारवाल्याकडे असते. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ सगळीच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथला बहुतेक प्रत्येक ड्रायव्हर स्वतः सायकल चालवतो. समोरच्या पाठीत त्याला आपली बायको, मुलगा, शेजारी दिसतो. परकी जमात उरतच नाही.

सगळ्यांना सायकलवर बसवेपर्यंत काय करायचं? इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये एक युक्ती केली. पोलीसच साध्या कपड्यांत सायकलवर निघाले. कोणी खेटून गेला की पुढे उभे असलेले सहकारी त्याला अडवायचे. मग खटला किंवा रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटांची शिकवणी, यातलं एक निवडायचं. शिकवणीसाठी जमिनीवर एक मोठी चटई अंथरलेली. तिच्यावर सायकल आणि दीड मीटर अंतर रेखून दाखवलेलं. लोक ते अंतर बघून चाट पडायचे. २०२२ पासून ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

ही चटईची गोष्ट मी परवा रात्री बाणेरहून येताना कॅबवाल्या दादांना सांगितली. पावसामुळे सायकल ऑफिसात ठेवली होती. ते मोठ्याने हसले. “दीड मीटर? मग पुण्यात गाडी चालवायची कुठं, मॅडम?” उत्तर बरोबरच होतं, वाद घातला नाही. पुढे गणेशखिंड रस्त्यावर एक सायकलवाला लागला. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, कॅरिअरला डबा. दादांनी हॉर्न वाजवला नाही. उजवीकडची लेन मोकळी होईपर्यंत मागेच राहिले, मग लांबून वळसा घालून पुढे गेले. मी आरशात त्यांच्याकडे बघितलं.

“तुम्ही बसलाय म्हणून,” ते म्हणाले.